आठ नंबर

जुलै लागला की आमच्या घरात मिठाला पाणी सुटतं, कपाटाची दारं फुगतात आणि ओपिनेल हा माझा घडीचा फ्रेंच चाकू उघडेनासा होतो. याची मूठ बीचच्या लाकडाची. दमट हवेत ती फुगते आणि पातं खाचेत आवळून धरते. अशा वेळी नख मोडून घेऊ नये. पातं अडकवणारं कडं सैल करून मुठीचं बूड टेबलावर ठक्कन आपटलं की पात्याचं टोक आपोआप वर येतं. फ्रान्समध्ये याला ‘सावोयार्डाचा ठोका’ म्हणतात. लाकूड फुगणं हा तिथल्या लोकांच्याही सवयीचा भाग, एवढं त्यातून कळतं.

सावोय म्हणजे फ्रान्सचा आल्प्सकडचा डोंगराळ मुलूख. तिथं कुऱ्हाडी-कोयते घडवणाऱ्याच्या घरात जन्मलेल्या जोसेफ ओपिनेलनं 1890 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, हा चाकू बनवला. पातं, मूठ, एक खिळा. 1897 साली त्यानं 1 ते 12 अशी मापं ठरवली. त्यातले 1 आणि 11 पुढे बंद झाले, त्यामुळे जुना अकरा नंबर दिसला की संग्राहकांचा जीव वरखाली होतो. 1909पासून पात्यावर मुकुट घातलेला हात उमटू लागला. मुठीच्या गळ्याशी असलेलं, फिरवल्यावर पातं अडकवून ठेवणारं कडं मात्र 1955चं.

माझ्याकडे सात आहेत. रोजच्या हाताखालचा आठ नंबर, साडेआठ सेंटीमीटर पात्याचा. हे पातं कार्बन पोलादाचं. त्यात गंज थोपवणारं क्रोमियम नाही, म्हणून ते गंजतं. पण दगडावर चार हात फिरवले की धार लागते. स्टेनलेसचं पातंही मिळतं. माझ्याकडे तेही एक आहे, पाहुण्यांसाठी.

गंजाचा धडा मी महागात शिकलो. एक पातं कौतुकानं चामड्याच्या म्यानात घालून पावसाळाभर कपाटात ठेवलं. दसऱ्याला काढलं तर तांबूस पुटकुळ्या! चामडं ओल धरून ठेवतं, हे तेव्हा कळलं. तेलात कालवलेल्या राखेनं घासल्यावर गंज गेला, खड्डे राहिले.

रोज वापरातला आठ नंबर मात्र शाबूत होता. कैरी, लिंबू, कांदा चिरून तो विळीसारखा निळसर काळा पडलाय. हा काळा थर पोलादाला चिकटून बसतो आणि गंजाची चाल मंद करतो. तांबडा गंज सुटा होत जातो आणि खालचं पोलाद खात राहतो. नव्या पात्याचा चकचकीतपणा टिकवायला धडपडणारे संग्राहक मला म्हणूनच कळत नाहीत.

काम झालं की लगेच धुवावं, कोरडं पुसावं, खाचेतलं पाणीही सुकू द्यावं. चाकू भिजत टाकू नये, मूठ फुगते. ठेवणीतल्या पात्यावर औषधाच्या दुकानातल्या लिक्विड पॅराफिनचा पुसट हात फिरवावा. ते खाण्याच्या वस्तूंना चालतं आणि खवटही होत नाही. जवसाचं तेल पात्याला नको, वाळून चिकट होतं. मुठीला ते उत्तम.

विकत घेताना पात्यावरची अक्षरं वाचा. ‘कार्बोन’ असेल तर सोबत एक जुनी मऊ चिंधी ठेवा. ‘इनॉक्स’ म्हणजे स्टेनलेस असेल तर पात्याची एवढी काळजी घ्यावी लागणार नाही, फक्त मूठ भिजवू नका.