नवी पिल्ले, जुना कळप

जबलपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, नर्मदेच्या खोऱ्यात, शहपुरा हे तहसिलीचे गाव आहे. हिवाळ्यात या परिसरातील काळ्या जमिनीवर वाटाण्याची शेते डोलत असतात. मध्य भारतातील इतर खेड्यांप्रमाणे येथील घरांच्या परसातही पाच-दहा कोंबड्यांचे खुराडे आढळते. अशा खुराड्यात नवा पक्षी दोन वाटांनी येतो. एक तर घरचीच कोंबडी खुडूक होऊन पिल्ले काढते. किंवा बाहेरून पिल्ले आणली जातात. पहिली वाट कोंबडीइतकीच जुनी आहे व तिच्यात माणसाला फारसे काही करावे लागत नाही. दुसरी वाट मात्र अलीकडची आहे, आणि बहुतेक हानी तिच्यावरच होते.

जबलपूर येथे १९४८ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. आज ते २००९ मध्ये स्थापन झालेल्या नानाजी देशमुख पशुचिकित्सा विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे. तेथे ‘जबलपूर कलर’ आणि झाबुआकडील काळी कडकनाथ यांच्या संकरातून ‘नर्मदानिधी’ नावाचा परसातील पालनास योग्य असा पक्षी तयार करण्यात आला. असे सुधारित पक्षी शासकीय योजनांमधून शेतकऱ्यांना देताना ती पिल्ले सामान्यतः चार आठवड्यांची असतात. हे वय ठरविण्यामागचे कारण योग्यच आहे. कृत्रिम उबेची सर्वांत नाजूक मुदत तोपर्यंत संपलेली असते. परंतु घरी आधीच मोठ्या कोंबड्या असतील, तर चार आठवड्यांचे पिल्लू त्यांच्यात सोडण्यास याहून वाईट वय क्वचितच सापडेल. असे का, हे समजण्यासाठी कोंबड्यांच्या समाजरचनेचा थोडा विचार करावा लागेल.

थोर्लेफ श्येल्देरूप-एब्बे या नॉर्वेजियन अभ्यासकाला बालपणापासून कोंबड्यांचे निरीक्षण करण्याचा छंद होता. १९२२ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने दाखवून दिले की, कळपातील कोंबड्या एकमेकींना चोची मारतात त्यामागे निश्चित क्रम असतो. पहिली कोंबडी सर्वांना टोचते, तिला कोणी टोचत नाही. दुसरी पहिलीखेरीज इतर सर्वांना टोचते. आणि शेवटची सर्वांकडून टोचून घेते. आपल्याकडील उतरंडीची उपमा येथे चपखल बसते. ही उतरंड एकदा रचली गेली की कळपात शांतता नांदते, कारण प्रत्येकीला आपली जागा ठाऊक असते. नुसती मान उंचावली तरी खालची कोंबडी बाजूला होते, प्रत्यक्ष चोच मारण्याची वेळ येत नाही. क्रूर दिसणारी ही व्यवस्था खरे पाहता भांडणे टाळण्याची व्यवस्था आहे.

ती सर्वस्वी ओळखीवर अवलंबून असते. कोंबड्या एकमेकींना मुख्यतः डोके, तुरा आणि मान यांवरून ओळखतात; तुऱ्याचे रूप बदलले तर कालची सोबतीणही परकी ठरते. म्हणूनच परका पक्षी आत आला की उतरंडीतील प्रत्येक मडके हलते. ॲली आणि गुल या दोन अमेरिकन संशोधकांनी १९४४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही कळपांतील सभासद कायम ठेवले, तर काही कळपांत जुन्या कोंबड्या काढून सतत नव्या घातल्या. अदलाबदल होणाऱ्या कळपातील कोंबड्या अधिक भांडत, कमी खात आणि अंडीही कमी देत. आठवडी बाजारातून दर वेळी एक-दोन कोंबड्या आणून खुराड्यात टाकणारा गृहस्थ नकळत हाच प्रयोग आपल्या घरी करीत असतो.

आता चार आठवड्यांच्या पिल्लाची स्थिती पाहा. कोंबड्यांमधील उतरंड साधारणतः सहा ते दहा आठवड्यांच्या वयात आकार घेते. नर पिल्ले थोडी आधी सुरुवात करतात. आपल्या पिल्लाने अद्याप माघार घेण्याची रीतही शिकलेली नाही. मोठ्या कोंबडीने मान उंचावली, याचा अर्थ त्याला कळत नाही. ते खाद्याच्या भांड्याशी तसेच उभे राहते आणि डोक्यावर चोच बसते. रक्त दिसले की इतर कोंबड्याही तेथेच टोचू लागतात. आईबरोबर वाढणाऱ्या पिल्लावर हा प्रसंग येत नाही, कारण पिसे फुलवून धावून येणाऱ्या खुडूक कोंबडीपुढे उतरंडीतील वरच्या कोंबड्याही मागे सरतात. दोन-अडीच महिन्यांत आई पिल्लांना दूर करते, तोवर ती कळपाला आणि कळप त्यांना सरावलेला असतो. नुकत्याच पिल्ले काढलेल्या कोंबडीखाली एक-दोन दिवसांची परकी पिल्ले रात्री सरकवली, तर ती बहुधा त्यांनाही आपली मानते. चार आठवड्यांच्या पिल्लांच्या बाबतीत ही युक्ती चालत नाही.

चोचीपेक्षाही मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. वाढलेली कोंबडी अनेक रोगांतून तावून सुलाखून निघालेली असते. ती स्वतः निरोगी दिसते, पण तिच्या विष्ठेतून रक्ती हगवणीचे जंतू बाहेर पडत असतात. या जंतूंना ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांतच ते संसर्गक्षम होतात. जून-जुलैत नर्मदेच्या खोऱ्यात दोन्ही गोष्टींची वाण नसते, आणि तीन ते आठ आठवड्यांची पिल्लेच या रोगाला सर्वाधिक बळी पडतात. उलट दिशेनेही रोग येतो. बाहेरून आणलेला पक्षी जुन्या कळपाला सर्दी, देवी किंवा राणीखेत म्हणजेच मानमोडी देऊ शकतो. कुमाऊँमधील राणीखेत येथे १९२७ साली आढळल्यामुळे आपल्याकडे हे नाव रूढ झालेल्या या रोगावर अजूनही औषध नाही, फक्त लस आहे. पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून सौम्य लस दिली जाते. अधिक टिकाऊ, टोचून द्यावयाची ‘आर-टू-बी’ लस सहा ते आठ आठवड्यांपूर्वी देत नाहीत. याचा अर्थ, घरी आलेले चार आठवड्यांचे पिल्लू या बाबतीतही अर्धेच सुरक्षित असते.

म्हणून नव्या पिल्लांना प्रथम निदान तीन-चार आठवडे निराळ्या जागी, शक्य तर घराच्या दुसऱ्या बाजूस ठेवावे. त्यांचे पाण्याचे भांडे वेगळे असावे आणि रोज आधी त्यांचे काम उरकून मगच जुन्या कोंबड्यांकडे जावे. हा क्रम क्षुल्लक वाटतो, पण चपलांना चिकटून जाणारी घाण कुंपण मानीत नाही. भाताच्या तुसाची गादी कोरडी ठेवावी. जबलपूरच्या जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. त्या दिवसांत पिल्ले दाटीने एकावर एक बसू लागली तर त्यांना अजून दिव्याची ऊब हवी आहे, असे समजावे.

दुसरी लस होऊन दोनेक आठवडे उलटले, म्हणजे वय दहा आठवड्यांच्या पुढे गेले की, पिल्लांचा भाग जुन्या कळपाशेजारी आणावा. मध्ये जाळी किंवा बांबूची ताटी असावी. दोन्ही बाजूंची खाद्याची भांडी या जाळीलगत ठेवावीत, म्हणजे एकमेकांसमोर खाण्याची सवय होते. आठ-दहा दिवसांत जाळीवरील धावून जाणे ओसरते. मग संध्याकाळच्या चरण्याच्या वेळी सर्वांना मोकळ्या परसात सोडावे. नवा पक्षी एकटा कधीही सोडू नये; तीन-चार जणांत मार विभागला जातो. रात्री गुपचूप खुराड्यात ठेवण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. त्यात तथ्य एवढेच की रात्र शांततेत जाते. पहाटे उजाडताच कोंबड्यांना परके चेहरे दिसतात, आणि त्या वेळी घरातील माणसे बहुधा झोपेत असतात.

खाद्याचा प्रश्नही उरतो. अंड्यावरील कोंबड्यांच्या विकतच्या खाद्यात चुना सुमारे साडेतीन टक्के असतो. वाढत्या पक्ष्याला एक टक्का पुरतो. जास्तीचा चुना त्याच्या मूत्रपिंडांना बाधतो. तेव्हा सर्वांनाच वाढीचे खाद्य द्यावे आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. ज्या कोंबडीला गरज असते ती तो आपणहून खाते. कणी आणि परसातील किडे यांवरच वाढणाऱ्या कळपाला ही अडचण पडत नाही. भांडी मात्र दोन्हीकडे नेहमीपेक्षा अधिक, आणि दूर दूर ठेवावीत. ताटीचा एक कोपरा असा उचलावा की खालून पिल्लू जाईल, पण कोंबडी जाणार नाही. हा आडोसा स्वस्त असूनही कोणत्याही औषधापेक्षा अधिक पिल्ले वाचवितो.

पहिल्या दोन-तीन दिवसांत थोडी पाठशिवणी होणारच. तिच्यात पडू नये. परंतु एखादे पिल्लू कोपऱ्यात डोके खुपसून राहिले, दिवसभर पाण्याजवळ गेले नाही किंवा कोठे रक्त दिसले, तर त्याला तत्काळ बाहेर काढावे आणि जखम पूर्ण भरल्यावरच पुन्हा सोडावे. पाचव्या-सहाव्या महिन्यात या तलंगांचे तुरे लाल होऊन त्या अंड्यावर येतात, तेव्हा उतरंड पुन्हा एकदा हलते आणि काही तलंगा जुन्या कोंबड्यांना मागे सारून वर चढतात. त्या आठवड्यात अंड्यांची संख्या थोडी घटली, तर लगेच रोगाची शंका घेण्याचे कारण नाही. आधी सायंकाळी खुराड्यातील दांडीवर कोण कोठे बसते ते पाहावे.