राबणं म्हणजे व्यायाम नव्हे

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची पाहणी झाली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने जो आकडा मांडला, तो राज्यभर गाजला: ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची ‘पिशवी काढलेली’. चर्चा झाली ती या शस्त्रक्रियांमागच्या कारणांची. पाळीच्या दिवसांत पडणारा खाडा, मुकादमाकडून घेतलेली उचल, कॅन्सरची भीती घालणारे दवाखाने. ती चर्चा व्हायलाच हवी होती. पण ऑपरेशननंतर पुन्हा कोयता हाती घेतलेल्या या बायका आणखी एक गोष्ट सांगतात. कंबर धरते, खुबे दुखतात, रात्री पायात गोळे येतात, सकाळी उठावं तर अंग आंबलेलं. ‘कष्टाचं काम आहे, दुखणारच’ असं म्हणून ही तक्रार तिथल्या तिथे मिटवली जाते.

कष्ट आहेतच. पण पुण्यात किंवा ठाण्यात खुर्चीवर बसून नोकरी करणारी सत्तेचाळीस वर्षांची बाईही नेमकं हेच सांगते, आणि तिने आयुष्यात उसाची मोळी उचललेली नसते. दोघींच्या शरीरातून एकच गोष्ट ओसरलेली असते. शहरातल्या बाईच्या शरीरातून ती वयोमानाने आणि हळूहळू जाते, पिशवी काढलेल्या बाईच्या शरीरातून अनेकदा अवेळी.

ती गोष्ट म्हणजे इस्ट्रोजेन. या संप्रेरकाची ओळख आपल्याला पाळी आणि बाळंतपण यांच्यापुरतीच करून दिली जाते. प्रत्यक्षात त्याचा निरोप झेलणारे रेणू स्नायूंत, स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरांत, सांध्यांच्या अस्तरात आणि हाडांतही असतात. स्नायूच्या प्रत्येक तंतूला लगटून काही पेशी झोपलेल्या असतात. त्यांना सॅटेलाइट पेशी म्हणतात. श्रमाने तंतूला बारीक इजा झाली की त्या जाग्या होतात, संख्येने वाढतात आणि डागडुजी करतात. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये उंदरांच्या माद्यांवर दाखवून दिलं, की अंडाशयं काढली की या पेशींची संख्या घटते आणि दुखापतीनंतर स्नायू पूर्वीसारखा भरून येत नाही. पाळी जाण्याच्या आधी आणि नंतर काही स्त्रियांच्या स्नायूंचे नमुने तपासले, तेव्हा तिथेही कल तोच दिसला. म्हणजे काम तेच, झीज तीच, पण दुरुस्तीला माणसं कमी. शिवाय शरीरात दाह चेतवणाऱ्या काही रसायनांना इस्ट्रोजेन एरवी आवरून धरत असतं. तो लगाम सैल झाला की ठणका वाढतो.

सर्वांत बोलका पुरावा मला कर्करोगाच्या उपचारांतून आलेला वाटतो. पाळी गेल्यावरही चरबी आणि इतर ऊतींमध्ये थोडंसं इस्ट्रोजेन तयार होतच असतं. स्तनाच्या काही कर्करोगांत तेवढंही नको असतं, म्हणून लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोलसारख्या गोळ्या देऊन ते जवळपास शून्यावर आणलं जातं. या गोळ्या घेणाऱ्या सुमारे निम्म्या स्त्रियांचे सांधे आखडतात, अंग दुखतं. काही जणी तर त्यापायी जीव वाचवणारा उपचार अर्ध्यावर सोडतात.

मग रजोनिवृत्ती म्हटलं की सगळ्यांना गरम वाफा आणि घामच का आठवतात? कारण लक्षणांच्या पहिल्या याद्या बनल्या त्या पाश्चात्त्य स्त्रियांना विचारून. मार्गारेट लॉक या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९८०च्या दशकात जपानी स्त्रियांना विचारलं, तेव्हा जवळजवळ निम्म्या जणींनी खांदे भरून येत असल्याचं सांगितलं आणि गरम वाफांची तक्रार करणाऱ्या त्या मानाने फारच थोड्या निघाल्या. भारतात ठिकठिकाणी झालेल्या छोट्या पाहण्यांतही सांधे-स्नायूंचं दुखणं आणि थकवा सतत यादीच्या वरच्या टोकाला येतात. आपल्या बायकांचं दुखणं पाठ्यपुस्तकातल्या पहिल्या ओळीवर नव्हतं, एवढाच त्याचा दोष. २०२४ मध्ये व्होंडा राइट या अमेरिकी अस्थिरोगतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या साऱ्याला ‘रजोनिवृत्तीतील स्नायू-अस्थी लक्षणसमूह’ अशा अर्थाचं नाव दिलं. नाव मिळालं की निदान केसपेपरवर नोंद तरी होते.

पिशवी काढलेल्या बाईची अडचण आणखी वेगळी. गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली असतील, तर वयाच्या तिशीतच रजोनिवृत्ती येते, तीही एका रात्रीत. अंडाशयं ठेवली तरी धोका उरतोच. अमेरिकेत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गर्भाशय काढलेल्या स्त्रियांपैकी १४.८ टक्के जणींची अंडाशयं चार वर्षांत निकामी झाली. शस्त्रक्रिया न झालेल्यांमध्ये हे प्रमाण ८ टक्के होतं. आणि पाळीच येत नसल्यामुळे ती कधी गेली हे कळायला काही खूणच उरत नाही. पस्तिशीतली बाई अंगदुखी घेऊन दवाखान्यात येते, तेव्हा ‘तुमची पिशवी काढली आहे का, अंडाशयं ठेवली आहेत का’ हे दोन प्रश्न विचारले जायला हवेत. बायकांनीही ऑपरेशनचे कागद जपून ठेवावेत.

आता मूळ मुद्दा. इस्ट्रोजेन ओसरलेल्या स्नायूला टिकवायचं तर त्याला भार द्यावा लागतो. पण कोणता भार? ऑस्ट्रेलियात ग्रिफिथ विद्यापीठातल्या बेलिंडा बेक आणि सहकाऱ्यांनी हाडं विरळ झालेल्या, पाळी गेलेल्या १०१ स्त्रियांवर एक प्रयोग केला. एका गटाने आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, देखरेखीखाली जड वजनं उचलली. वजन असं की पाच वेळा उचलताच दम लागावा. मग थांबायचं आणि पुन्हा पाच. आठ महिन्यांनी त्यांच्या कण्याच्या हाडांची घनता २.९ टक्क्यांनी वाढली होती. घरी हलका व्यायाम करणाऱ्या दुसऱ्या गटाची १.२ टक्क्यांनी घटली होती. ताकद आणि उठण्या-बसण्यातली चपळाईही सुधारली. दुखापत म्हणावी अशी एकच, तीही किरकोळ. २०१८ मध्ये हे निष्कर्ष छापून आले, तोवर अशा स्त्रियांना ‘जड उचलू नका’ असंच सांगितलं जायचं.

फडातली बाईही जड उचलते. तीस-चाळीस किलोची मोळी, डोक्यावर, फळीवरून ट्रकमध्ये. जोडीने दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडायचा आणि भरायचा, हंगाम संपेपर्यंत रोज, झोप अपुरी, जेवण कोरडं. स्नायू वजन उचलताना वाढत नाही. तो वाढतो त्यानंतरच्या विश्रांतीत, झोपेत आणि ताटातून मिळालेल्या प्रथिनांवर. या तिन्ही गोष्टी काढून घेतल्या की उरते ती निव्वळ झीज. तिला व्यायाम सांगणं ही क्रूर थट्टा होईल. तिला हवी सुट्टी, आणि ती डॉक्टरच्या चिठ्ठीने मिळत नाही.

शहरातल्या गृहिणीचं उलटं. ‘दिवसभर घरात राबतेच की, आणखी व्यायाम कशाला?’ हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो. पोळ्या लाटणं, केर काढणं, भांडी घासणं यांत तेच ते हलके हेलकावे हजारदा होतात. खांदे आणि मनगटं दमतात, पण मांड्या, नितंब आणि पाठ या मोठ्या स्नायूंना वाढता भार कधीच मिळत नाही. चालायला जाणं हृदयासाठी उत्तम, पण त्यानेही ही उणीव भरून निघत नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणूनच चालण्या-पोहण्याखेरीज आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम वेगळा सांगते. सुरुवात खुर्चीपासून करावी: हातांचा आधार न घेता आठ-दहा वेळा उठणं-बसणं. ते सोपं वाटू लागलं की हातात पाण्याच्या बाटल्या घ्याव्यात, मग डंबेल. भिंतीला हात टेकून दंड घालता येतात. रक्तदाब, हृदयविकार किंवा ठिसूळ हाडं असतील तर डॉक्टरांना आधी विचारावं आणि पहिले काही आठवडे फिजिओथेरपिस्टसमोर करावं.

जेवणाचं गणित थोडं रुक्ष आहे, पण करण्यासारखं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे ५५ किलोच्या बाईला रोज सुमारे ४६ ग्रॅम. वय वाढल्यावर किलोमागे एक ग्रॅम किंवा थोडं जास्त हवं असं बऱ्याच तज्ज्ञांचं मत आहे. दोन भाकऱ्यांतून साधारण १०-१२ ग्रॅम, एका अंड्यातून ६, मूठभर शेंगदाण्यांतून ७. घट्ट वरणाच्या वाटीतून सहाएक. पण घरातल्या बाईच्या वाट्याला शेवटी येतं ते वरचं पाणी. उपवासांबद्दल तर बोलायलाच नको. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, आणि खिचडीतलं दाण्याचं कूट नसतं तर त्या दिवशी स्नायूंचा खरोखरच कडकडीत उपवास झाला असता.

हे सगळं करण्याआधी रक्त तपासून घ्यावं, कारण थकव्याचं सगळं खापर रजोनिवृत्तीवर फोडणंही तितकंच चुकीचं. पाळी जायच्या आधीच्या काही वर्षांत अनेकींना अंगावरून फार जातं आणि लोहाचा साठा रिकामा होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. थायरॉइड मंदावली तरी अंग असंच दुखतं. ड जीवनसत्त्व उन्हाच्या देशातही कमी निघतं. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असतं, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने फार पूर्वीच लक्षात आणून दिलं आहे. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनीही काहींचे स्नायू दुखतात. बोटांचे सांधे सुजत असतील आणि सकाळचा ताठरपणा तासाभरानेही जात नसेल, तर संधिवाताची तपासणी हवी. जिना चढताना अचानक नवा थकवा येऊ लागला तर हृदय तपासावं. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर थांबूच नये. आणि मेडिकलमधून सुटी घेतलेली वेदनाशामक गोळी रोजची झाली की पोट आणि मूत्रपिंडं तिची किंमत मोजतात. ‘आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड सापडल्याची उदाहरणं आहेत, हेही लक्षात असू द्यावं.

मग इस्ट्रोजेनच का देऊ नये? अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’मध्ये गर्भाशय काढलेल्या १०,७३९ स्त्रियांवर हे करून पाहिलं गेलं. वर्षभराने सांधेदुखी सांगणाऱ्या जणी इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत ७६.३ टक्के होत्या आणि औषध नसलेली, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत ७९.२ टक्के. फरक आहे, पण बेताचा. त्यांतल्या बऱ्याच जणी साठीच्या पुढच्याही होत्या. म्हणून केवळ अंगदुखीसाठी डॉक्टर सहसा हे उपचार लिहून देत नाहीत. रात्री घामाने झोप मोडत असेल तर गोष्ट वेगळी. झोप मोडली की तेवढंच दुखणं जास्त जाणवतं, आणि तिथे संप्रेरकं चांगली उपयोगी पडतात. अंडाशयं पंचेचाळिशीच्या आतच काढली असतील, तर स्तनाच्या कर्करोगासारखी अडचण नसल्यास नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन देण्याचीच शिफारस आहे. बीडच्या किती जणींना हे कोणी सांगितलं असेल?

व्यायाम सुरू करणाऱ्यांसाठी एक इशारा. पहिल्या आठवड्यात दुखणं कमी न होता वाढतं आणि तिथेच बहुतेक जणी सोडून देतात. नव्या भाराचं हे दुखणं दुसऱ्या दिवशी चढतं आणि साधारण तिसऱ्या दिवसानंतर उतरू लागतं. ते दोन्ही बाजूंना सारखं असतं आणि हालचालीने मोकळं होतं. चौथ्या-पाचव्या दिवशीही जिना उतरताना कठडा धरावा लागत असेल तर वजन जास्त झालं, ते कमी करावं. एकाच सांध्यात टोचल्यासारखं दुखलं, तर तो व्यायाम बंद करून दाखवून यावं.