खाली लागणारी झेड

1973 च्या ईस्ट आफ्रिकन सफारी रॅलीत दोन गाड्यांचे दंडगुण अगदी बरोबरीत आले. दोन्ही डॅटसन होत्या. नियमाप्रमाणे निकाल लागला तो युगांडात जन्मलेल्या, भारतीय वंशाच्या शेखर मेहता यांच्या बाजूने, आणि त्यांची गाडी होती 240झेड. दोनच वर्षांपूर्वी, 1971 मध्येही हीच रॅली याच मॉडेलने मारली होती. पूर्व आफ्रिकेचा चिखल, दगडगोटे, पावसाने फाटलेले रस्ते हे सगळं पोटाखालून घालवलेली ही गाडी. आज मात्र कॅलिफोर्नियातल्या एखाद्या हौशी माणसाची लो केलेली झेड पेट्रोल पंपावरून रस्त्यावर उतरताना खर्रर्र करून घासते, आणि घासते तो भाग सहसा कंपनीने बसवलेला नसतोच. मालकाने हौसेने, पदरचे पैसे घालून बसवलेला एक्झॉस्ट हेडर असतो.

1969 च्या अखेरीस जपानमध्ये ही गाडी फेअरलेडी झेड या नावाने आली आणि 1970 च्या मॉडेल म्हणून अमेरिकेत 240झेड झाली. निसानच्या अमेरिकेतल्या कारभाराचे सूत्रधार युताका काटायामा यांचा आग्रह होता की देखणी, वेगवान पण नोकरदाराला झेपेल अशी स्पोर्ट्स कार हवी. किंमत ठेवली 3,526 डॉलर. लांबलचक बॉनेटखाली 2,393 सीसीचं, एका रांगेत सहा सिलिंडर असलेलं एल24 इंजिन. हे इंजिन म्हणजे डॅटसन 510 सेडानच्या चार सिलिंडरी एल16 चंच वाढवलेलं भावंड. कंपनीने खर्च वाचवला तो इथे, आणि आपल्या गोष्टीतली सगळी भानगडही इथूनच सुरू होते.

कारण या इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येण्याची आणि जळका वायू बाहेर जाण्याची वाट सिलिंडर हेडच्या एकाच बाजूला आहे. वर कार्ब्युरेटर, त्यांच्या पोटाशी एक्झॉस्ट. दुसऱ्या बाजूला स्पार्क प्लग आणि डिस्ट्रिब्युटर निवांत बसलेले. अमेरिकन गाडीत स्टिअरिंगचा दांडाही एक्झॉस्टच्याच बाजूने खाली जातो. म्हणजे सहा नळ्या काढायच्या तर वर कार्ब्युरेटर, बाजूला दांडा, आत गिअरबॉक्स; मोकळी दिशा उरते ती फक्त खालची.

कंपनीचा मूळ मॅनिफोल्ड बिडाचा, ओतीव. दिसायला गबाळा, वजनाला जड. पण त्यात डोकं होतं. पुढच्या तीन सिलिंडरचा धूर एका तोंडातून, मागच्या तिन्हींचा दुसऱ्या तोंडातून, मग दोन पाइप शेजारी शेजारी खाली उतरून गिअरबॉक्सच्या बाजूला एक होतात. पाइप बारीक, गाडीच्या पोटाला चिकटून. मूळ उंचीवरची झेड त्यामुळे सहसा कुठे लागत नाही.

मग हा मॅनिफोल्ड काढून त्या जागी हेडर बसवतात कशाला? हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतःची नळी मिळते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची एक लाट नळीतून धावते. नळी जिथे मोठ्या पोकळीत उघडते तिथून ती उलटी, म्हणजे कमी दाबाची होऊन परत फिरते. ती नेमक्या वेळी व्हॉल्व्हपाशी पोचली तर उरलासुरला धूर ओढून काढते आणि नवं मिश्रण आत यायला मदत करते. नळ्या सारख्या लांबीच्या ठेवायच्या त्या यासाठी. नळी भलतीच जाड घेतली तर वायूचा वेग पडतो आणि कमी आरपीएमला गाडी मरगळते. लाट कधी परत यायची ते नळीची लांबी ठरवते. लांब नळी मधल्या आरपीएमला ताकद देते, म्हणून बनवणारे नळ्या लांब खाली उतरवतात आणि सहाही एका जाडजूड कलेक्टरमध्ये आणून सोडतात.

हा कलेक्टरच शत्रू. हिशेब शाळेतल्या भूमितीचा आहे. 38 मिलिमीटरच्या सहा नळ्या गोलाकार एकत्र बांधल्या की मधली जागा धरून तो गठ्ठा 114 मिलिमीटर व्यासाचा होतो. तीनच नळ्या त्रिकोणात बांधल्या तर 82. फरक 32 मिलिमीटरचा, आणि तो सगळा जमिनीच्या बाजूने वसूल होतो, कारण वर गाडीचा पत्रा आहे. वेल्डिंग आणि जोडाचा फ्लँज धरला नाही तरीही एवढं.

त्यात गाडी लो केलेली. आखूड स्प्रिंगांनी इंच-दीड इंच गेलेला असतो, हे सगळ्यांना माहीत असतं. टायरचा हिशेब फारसा कुणी करत नाही. मूळ 175 च्या चौदा इंची टायरचा व्यास साधारण 635 मिलिमीटर. त्याच चाकावर 195/60 चढवला की तो 590 वर येतो, म्हणजे गाडी आणखी वीस मिलिमीटरहून जास्त खाली. तिसरा चोर इंजिनाच्या माउंटिंगमध्ये लपलेला असतो. पन्नास वर्षांचं रबर, वरून गळणाऱ्या ऑइलने फुगलेलं आणि बसलेलं. इंजिन खाली झुकतं आणि हेडर त्याच्याबरोबर. हेडर बदलायला निघालेल्या माणसाने आधी नवी माउंटिंग टाकावीत आणि मग टेपने मोजावं. कधीकधी एवढ्यानेच घासणं थांबतं.

आपल्याकडे असली गाडी क्वचितच दिसते, पण स्पीडब्रेकरचं गणित इथल्या माणसाला अंगवळणी पडलेलं आहे, म्हणून ते मांडतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोलाकार उंचवटा 3.7 मीटर रुंद, 10 सेंटिमीटर उंच, 17 मीटर त्रिज्येचा. झेडच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर 2,305 मिलिमीटर. अशी गाडी त्या उंचवट्याच्या माथ्यावर उभी राहिली तर पोटाखालची जागा कमी होते ती जास्तीत जास्त 39 मिलिमीटर. लो केलेली गाडीही पार होईल. पण सोसायटीच्या दारात सिमेंट ओतून केलेला वीतभर रुंदीचा, पण उंची तीच 10 सेंटिमीटर असलेला वरवंटा पूर्ण 100 मिलिमीटर खातो. जपानमध्ये तर पोटाखालच्या जागेचा आकडा कायद्यातच आहे: साध्या मोटारीचा सर्वांत खालचा भाग जमिनीपासून किमान 9 सेंटिमीटर हवा, नाहीतर वाहन तपासणीत गाडी नापास. इतकी छान वळवलेली नळी सरकारी पट्टीपुढे एका सेंटिमीटरने हरते.

उपाय तसा इंजिनानेच सांगितलेला आहे. फायरिंग ऑर्डर 1-5-3-6-2-4. एक पुढचा, एक मागचा, पुन्हा पुढचा, असं हे आलटूनपालटून चालतं. त्यामुळे पुढच्या तिघांत दर 240 अंशांनी एक, मागच्या तिघांतही तसंच. कुणी कुणाच्या वाटेत येत नाही. तीन-तीन नळ्यांचे दोन छोटे कलेक्टर केले आणि त्यांतून निघालेले दोन पाइप पुढे जाऊन एक केले, की उंचीही वाचते आणि मधल्या आरपीएमची ताकदही चांगली राहते. सहाला एक करणारा हेडर रेसच्या ट्रॅकवर, इंजिन सतत वरच्या आरपीएमला फिरवणाऱ्याला शोभतो. रस्त्यावर रोज निघणाऱ्या लो गाडीला तो बसवणं म्हणजे मला तरी निव्वळ हौस वाटते. कंपनीच्या बिडाच्या मॅनिफोल्डची मूळ कल्पना शेवटी तीन-तीनची हीच वाटणी होती.

प्रत्यक्ष कामात मात्र खरी कसोटी लागते ती वर, हेडपाशी. हेड अल्युमिनियमचं, त्यात रुतलेले स्टड स्टीलचे, दर वेळी तापून-निवून घट्ट झालेले. दोन्ही टोकांचे स्टड तुटण्यात वाकबगार, कारण लांब मॅनिफोल्ड तापून फुगतो-आकसतो तो सगळा ताण टोकांवर येतो. इंजिन गार असताना रस्ट ऑइल मारून एक रात्र सोडावं आणि नट जरा सैल, जरा घट्ट करत काढावा. जोर लावला की स्टड हेडच्या तोंडाशी मोडतो आणि पुढचा सगळा दिवस ड्रिल आणि नवे आटे पाडण्यात जातो.

इथे एल इंजिनाची आणखी एक खोड आहे. काही नट-वॉशर इनटेक आणि एक्झॉस्ट दोघांना मिळून दाबतात: जाड वॉशरची एक कड कार्ब्युरेटरच्या मॅनिफोल्डवर, दुसरी हेडरच्या फ्लँजवर. दोन्हींची जाडी सारखी नसेल तर वॉशर तिरका बसतो, एक बाजू दाबली जाते, दुसरी मोकळी राहते. मग इंजिन चालू केलं की टिकटिक आवाज, आणि लोक दोष देतात पॅकिंगला. नवा हेडर हातात आला की आधी कॅलिपरने दोन्ही जाड्या मोजाव्यात आणि फरक असेल तर जाड बाजू मशीनवर उतरवून घ्यावी. हेडचे पोर्ट चौकोनी की गोल हेही तेव्हाच पाहावं. एन47 आणि पी79 ही पुढची हेड गोल पोर्टांची आहेत, आणि पन्नास वर्षांत कुठल्या गाडीवर कुठलं हेड येऊन बसलं असेल याचा भरवसा नाही.

खाली आल्यावर लक्ष जावं ते फ्लँजच्या कानांकडे. दोन बोल्टांचा फ्लँज उभा बसवला तर एक बोल्ट पाइपच्याही खाली लोंबतो आणि रस्त्याला आधी तोच भेटतो. फ्लँज आडवा फिरवायचा, दोन्ही कान दोन बाजूंना. त्याहून बरा व्ही-बँड क्लॅम्प, त्याचा बोल्ट वरच्या बाजूला करून. गिअरबॉक्सपाशी रबरी हँगर हवाच, नाहीतर पाइपचं सगळं ओझं हेडरवर येतं आणि वेल्डिंगला चीर जाते. काही गॅरेजांत नळ्या हातोडीने चपट्या करून जागा काढतात. थोडीशी लंबगोल केलेली नळी चालते, पण ठोकून पाडलेला खड्डा गंजाची जागा होतो.

उष्णतेचाही विचार करायला लागतो, कारण कार्ब्युरेटर अगदी डोक्यावर आहेत आणि पातळ नळी बिडापेक्षा लवकर तापते. उन्हाळ्यात गाडी बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा चालू करायला जावं तर कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळलेलं. सिरॅमिक कोटिंग आणि मधला पत्र्याचा पडदा दोन्ही ठेवावेत. नळ्यांना कापडी पट्टी गुंडाळायची फॅशन आहे, पण साध्या स्टीलवर ती ओल धरते आणि दोन-चार पावसाळ्यांत नळी आतून-बाहेरून खाऊन टाकते.

सगळं बसवून झाल्यावर, गाडी सपाट फरशीवर, माणूस सीटवर बसलेला आणि टाकी भरलेली असताना एक फळी पोटाखालून सरकवून पाहावी. हेडर पुढच्या क्रॉसमेंबरपेक्षा, म्हणजे इंजिनाखालच्या आडव्या तुळईपेक्षा, खाली नसावा, एवढी एकच अट. क्रॉसमेंबर जाड पोलादाचा आहे, एखादी ठोकर खाईल. तीनचारदा इंजिन पूर्ण तापवून, पूर्ण गार करून नट पुन्हा आवळायचे आणि मगच दारातल्या उतारावरून गाडी तिरपी घालून बाहेर काढायची.