पटकीचे विष आणि मीठ-साखरेचे पाणी

विनोबांच्या वास्तव्याने परिचित झालेल्या, वर्धा शहरालगतच्या नालवाडीसारख्या गावात पावसाळ्यात फुटक्या जलवाहिनीत सांडपाणी शिरले, तर पटकीचे भय उद्भवते. पटकीचे जंतू आतड्याला जखम करीत नाहीत. रोगी दगावतो तो शरीरातील पाणी व क्षार वाहून गेल्यामुळे.

आतड्याच्या अस्तरातील प्रत्येक पेशीभोवती मेदाचे पातळ पटल असते. क्षारांचे विद्युतभारित कण मेदातून आरपार जाऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी पटलात प्रथिनांची दारे असतात. याच पटलावर 'जीएम-१' हा शर्करायुक्त मेदाचा रेणू असतो. पटकीचे विष नेमके त्यालाच चिकटून पेशीत शिरते. मग क्लोराइडची दारे उघडीच राहतात. क्लोराइड आतड्यात ओतले जाते आणि त्यामागोमाग सोडियम व पाणी. तीव्र पटकीत तासाला लिटरभर पाणी जाऊ शकते. कोलकात्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये या विषाचे अस्तित्व दाखविले. त्याची दखल मात्र फार उशिरा घेतली गेली.

एक दार मात्र या विषाने बिघडत नाही. ते ग्लुकोज व सोडियम यांना जोडीनेच आत घेते, म्हणून नुसत्या पाण्याने भागत नाही. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचे पाणी पाजले, तेव्हा ३० टक्क्यांच्या घरातील मृत्युप्रमाण ४ टक्क्यांखाली आले.

जलसंजीवनीची पुडी नसल्यास १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवावे. उलटी झाली तरी थोडे थांबून घोटघोट पाजावे. रोग्यास ग्लानी आल्यास त्याला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. तेथे शिरेवाटे सलाइन द्यावे लागते.