दोन मित्र तिकडे गेले, इद्रिस लतीफ इथेच राहिले

ताडकळस, पूर्णा, परभणी हा आपला सगळा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानाच्या राजधानीत ९ जून १९२३ रोजी इद्रिस हसन लतीफ यांचा जन्म झाला. पुढे ते भारताचे हवाई दल प्रमुख झाले. त्या पदावर पोहोचलेले ते पहिले मुस्लिम अधिकारी. आपल्या मुलांना क्रिकेटपटूंची नावे तोंडपाठ असतात, पण हे नाव विचारले तर घरात शांतता पसरते, म्हणून हा लेख.

निजाम कॉलेजात शिकलेला हा मुलगा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, जेमतेम अठराव्या वर्षी हवाई दलात दाखल झाला. सुरुवातीला कराचीच्या किनाऱ्यावरून जुनाट दोनपंखी विमानांतून अरबी समुद्रावर शत्रूच्या पाणबुड्या शोधायच्या. नंतर इंग्लंडमध्ये हरिकेन आणि स्पिटफायर चालवण्याचे प्रशिक्षण मिळाले आणि तिथून परतल्यावर ब्रह्मदेशाची आघाडी.

१९४७ साली फाळणी झाली. जमिनीबरोबर फौजही वाटली गेली. मुस्लिम अधिकाऱ्यांना कोणत्या देशाच्या दलात जायचे ते ठरवायचे होते. लतीफ यांचे सहकारी असगर खान आणि नूर खान यांनी त्यांना पाकिस्तानच्या हवाई दलात बोलावले. ही काही परक्यांची हाक नव्हती. एकत्र उडालेल्या, एका मेसमध्ये जेवलेल्या दोस्तांची होती. लतीफ यांनी नकार दिला. माझा धर्म आणि माझा देश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, अशी त्यांची भूमिका होती. असगर खान आणि नूर खान दोघेही पुढे पाकिस्तानच्या हवाई दलाचे प्रमुख झाले, लतीफ भारताच्या. त्या निर्णयाला कुणी त्याग म्हणते, कुणी पुरावा म्हणते. मला दोन्ही शब्द पटत नाहीत. आपल्याच घरात राहणाऱ्याने पुरावा कशाचा द्यायचा?

१९७१ च्या युद्धाच्या वेळी ते मुख्यालयात नियोजनाची जबाबदारी सांभाळत होते. १९७८ ते १९८१ या काळात ते प्रमुख होते आणि जग्वार विमाने त्याच काळात दलात आली. निवृत्तीच्या तोंडावर, वयाच्या ५८ व्या वर्षी, त्यांनी ध्वनीच्या दुपटीहून अधिक वेग असलेल्या मिग-२५ मधून उड्डाण केले.

१९८२ मध्ये ते महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. १९५१ साली त्यांचा निकाह झाला होता तो बिल्कीस यांच्याशी. बिल्कीस यांचे वडील अली यावर जंग हेही महाराष्ट्राचे राज्यपाल होते, म्हणजे ज्या राजभवनात त्या लेक म्हणून वावरल्या तिथेच बेगम म्हणून आल्या. पण त्यांचे मन मलबार हिलपेक्षा धारावीत रमले. तिथल्या बायका-मुलांसाठी त्यांनी संस्था उभी केली, धारावीवर पुस्तक लिहिले आणि २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नवऱ्याचे चरित्रही त्यांनीच लिहिले. साहेबांच्या हुद्द्यापुढे बेगमसाहेबांचे काम झाकले जाते, ही आपल्याकडची जुनी सवय आहे. इथे तरी ते होऊ नये.

१९८५ मध्ये लतीफ फ्रान्सला राजदूत म्हणून गेले आणि १९८८ नंतर हैदराबादला परतले. दोन मुलगे, एक मुलगी, नातवंडे असा संसार. बिल्कीस २०१७ मध्ये गेल्या. सहासष्ट वर्षांची सोबत सुटल्यावर काही महिन्यांतच, ३० एप्रिल २०१८ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी मरहूम लतीफसाहेबांनी हैदराबादेतच अखेरचा श्वास घेतला.