होडी वाऱ्यावर चढते कशी?

जळगावहून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी सुमारे ३०० किलोमीटर दूर आहे. त्यामुळे पन्नाशी उलटलेले दोन शिक्षक, एक जळगावचा आणि एक धुळ्याचा, शिडाची होडी चालवायला शनिवार-रविवार मुंबईला जातात हे ऐकून शाळेत हसू फुटले, यात नवल नाही. आम्ही दोघे कॉलेजात असताना एन.सी.सी.च्या नौदल विभागात होतो. तेथे शिडाची होडी चालवायला शिकलो होतो. पुढे नोकरी, बदल्या, मुलांची शिक्षणे यांत तीस वर्षे गेली आणि पाण्याशी संबंध उरला तो नळाच्या. गेल्या हिवाळ्यात मुंबई बंदरातल्या अशा सुटीच्या वर्गाची माहिती मिळाली आणि आम्ही नाव घातले. शुक्रवारी रात्री एक जण जळगावला गाडीत बसे, दुसरा चाळीसगावला चढे.

पहिल्याच शनिवारी लक्षात आले, की हातांना दोरीच्या गाठी आठवतात. पण वर्गात आपण शिकवत आलो ते विज्ञान मात्र अर्धवट आहे.

‘वारा शिडाला ढकलतो, म्हणून होडी पुढे जाते,’ असे आम्ही वर्षानुवर्षे सांगत होतो. आठवीतल्या एका मुलाने एकदा विचारले होते, ‘मग सर, होडी घरी परत कशी येते?’ वारा बदलला की येते, असे सांगून आम्ही पुढचा धडा घेतला. ते उत्तर अगदी खोटे नव्हते. पहाटे मतलई वाऱ्याबरोबर समुद्रात जायचे आणि दुपारी खाऱ्या वाऱ्याबरोबर परतायचे, ही कोळ्यांची जुनी रीत. अरबी समुद्रातली गलबतेही ईशान्य मोसमी वाऱ्याने आफ्रिकेकडे जात आणि नैऋत्य वाऱ्याने परत येत. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तीही पूर्वेकडे जात. कारण दक्षिण गोलार्धातले पश्चिमी वारे तसे जाणाऱ्याच्या पाठीशी असतात.

पण आमच्या प्रशिक्षकाने दुपारी तीन वाजता, वारा चांगला सुटलेला असताना, नेमक्या वाऱ्याच्या दिशेला तरंगणाऱ्या पिंपाकडे बोट दाखवले आणि म्हटले, तेथे जाऊन या. आम्ही नाक सरळ पिंपाकडे धरले. शीड झेंड्यासारखे फडफडू लागले, होडी थांबली आणि हळूहळू मागे सरकू लागली. त्या मुलाचा प्रश्न तेव्हा आठवला.

वाऱ्याच्या अगदी तोंडावर कोणतीच शिडाची होडी जात नाही. मात्र वाऱ्याच्या दिशेशी डावीकडे किंवा उजवीकडे साधारण ४५ अंशांचा कोन केला, की ती जाते. तेव्हा वारा शिडाला मागून ढकलत नसतो. तो तिरका समोरून येतो, शिडाच्या फुगवट्यामुळे वळतो आणि मागच्या दिशेने निघून जातो. शीड हवेला वळवते, म्हणून न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे हवा शिडावर उलट बल लावते. विमानाच्या पंखाबाबतही हेच घडते. पंखाच्या वरचा रस्ता लांब असल्यामुळे तिथली हवा खालच्या हवेला गाठण्यासाठी घाई करते, असे स्पष्टीकरण अनेक पुस्तकांत आढळते. आम्हीही ते फळ्यावर लिहिले आहे. ते बरोबर नाही. शीड म्हणजे नुसते पातळ कापड. त्याच्या दोन्ही बाजूंचे रस्ते सारख्याच लांबीचे असतात, तरीही बल मिळतेच!

या बलाचे दोन घटक पाडले, तर होडीला पुढे नेणारा लहान आणि आडवी लोटणारा बराच मोठा असतो. या दुसऱ्याचा बंदोबस्त पाण्याखाली होतो. होडीच्या तळातल्या फटीतून एक उभी फळी खाली सोडलेली असते. ती पाण्यात लांबीच्या दिशेने सहज सरकते, आडवी मात्र फारशी सरकत नाही. भिजलेला चिंचोका दोन बोटांत दाबला की सटकन पुढे उडतो; वारा आणि पाणी ही होडीची दोन बोटे. वारा होडीला कलवतो तो वेगळाच. त्यासाठी आम्ही कडेवर बसून अंग बाहेर झोकत होतो. पन्नाशीनंतर पोटाच्या स्नायूंना ते चांगलेच समजते.

खानदेशात याचा पुरावा शोधायला समुद्राची गरज नाही. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या पाहाव्यात. त्यांचे पाते वाऱ्याबरोबर पळत नाही, वाऱ्याला आडवे फिरते आणि त्याच्या टोकाचा वेग वाऱ्याच्या वेगाच्या कित्येक पट असतो. नुसत्या ढकलण्याने हे कसे शक्य होईल? ढकलणाऱ्याच्या पुढे ढकललेली वस्तू पळत नाही. ते पाते म्हणजे आसाला जखडलेले, गोल फिरणारे शीडच आहे.

वर्गात करून पाहण्यासाठी खोक्यातल्या थर्मोकोलची वीतभर होडी कापावी, उदबत्तीच्या काडीची डोलकाठी आणि पोस्टकार्डाचे शीड करावे. शीड होडीच्या लांबीशी ४५ अंशांत ठेवून मोठ्या टबात सोडावे. आपल्याकडे वैशाखात गच्चीवर वारा फुकट मिळतो. विजेचा पंखा पाण्याजवळ आणू नये. वारा बाजूने आला की होडी त्याच्याबरोबर आडवी वाहत जाईल. आता तळाला मधोमध, लांबीच्या दिशेने, पत्र्याची चार बोटे खोल पट्टी खोचावी (कडा दुमडून घ्यावी) आणि पुन्हा सोडावे. होडी वाऱ्याला काटकोनात निघते. ती वाऱ्याकडे तोंड वळवून थांबली, तर पट्टी थोडी मागे सरकवावी. या प्रयोगासाठी मुलांना मेहरूण तलावावर किंवा धरणावर नेण्याची गरज नाही, टब पुरतो.

दहावीच्या मुलांसाठी एक गणितही आहे. पिंप बरोबर वाऱ्याच्या दिशेला १ किलोमीटरवर आहे आणि होडी दर खेपेला ४५ अंशांनी जाते. दोनच वळणांत पोहोचलो किंवा वीस वळणे घेतली, तरी एकूण अंतर किती? दोन्ही वेळा √२, म्हणजे सुमारे १.४१ किलोमीटर. मुलांना हे पटत नाही. आलेख कागदावर काढायला लावावे. प्रत्यक्षात मात्र दर वळणाला वेग जातो, शिडाचा आडवा दांडा डोक्यावरून झपकन फिरतो आणि तेव्हा मान खाली घालायला विसरलेल्याला टेंगूळ येते. धुळ्याच्या गड्याला दोन आली.

शेवटच्या रविवारी आम्ही अकरा वळणांत पिंप गाठले. पावसाळ्यात तेथल्या शिडाच्या होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, तोवर आमचा सराव टबातच चालू आहे.