कुरणातले अदृश्य खतकारखाने

आपल्या भोवतीच्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन, म्हणजे नत्र असते. प्रत्येक कुरणावर नत्राचा एवढा मोठा साठा पसरलेला असतो, तरीही नत्राअभावी गवत पिवळे पडते. असे का व्हावे? हवेतील नत्राच्या रेणूतले दोन अणू एकमेकांना फार घट्ट धरून असतात. त्यांना अलग करण्यासाठी खतकारखान्यात ४०० ते ५०० अंश सेल्सियस तापमान आणि प्रचंड दाब लागतो. हेच काम लसूणघास, बरसीम, क्लोव्हर अशा शिंबावर्गीय चाऱ्याच्या मुळांवरील गाठींत साध्या तापमानाला चालते. ते करतात रायझोबियम गटाचे जीवाणू. १८८८ साली डच शास्त्रज्ञ बायरिंक याने ते प्रथम वेगळे काढले.

हा व्यवहार देवघेवीचा आहे. वनस्पती जीवाणूंना अन्न पुरवते आणि जीवाणू तिला नत्र देतात. शेजारच्या गवतालाही त्याचा लाभ होतो. मुळे व गाठी कुजल्या, किंवा चरणाऱ्या जनावरांचे शेणमूत्र पडले, की ते नत्र जमिनीत मिसळते.

पण हा कारखाना नुसते बी पेरून सुरू होत नाही. ऑस्ट्रेलियाचेच उदाहरण पाहा. भूमध्य समुद्राकाठच्या प्रदेशातून तेथे आलेले एक क्लोव्हर भुईमुगाप्रमाणे आपले बी जमिनीत पुरते. १८८९ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातील एमॉस हॉवर्ड या शेतकऱ्याने त्याचे गुण ओळखले. पुढे त्याची कुरणे दूरवर पसरली. मात्र नव्या जमिनींत त्याला मानवणारे जीवाणू नव्हते, म्हणून ते बियाण्याला चोळावे लागले. स्फुरदाची उणीव सुपर फॉस्फेटने भरून काढावी लागली.

तरीही काही जमिनींत क्लोव्हर नीट वाढेना. १९४२ साली ए. जे. अँडरसन या शास्त्रज्ञाने त्याचे कारण दाखवून दिले. तेथे मॉलिब्डेनम कमी होते! नत्र पकडणाऱ्या नायट्रोजिनेज या विकराच्या रेणूत हे मूलद्रव्य असते. ते नसेल तर गाठी असूनही काम अडते. एकराला एक-दोन औंस मॉलिब्डेनमयुक्त क्षार घालताच अशी कुरणे हिरवीगार झाली.

आणखी एक गंमत ध्यानात ठेवा. प्रत्येक जीवाणूचे सोयरे ठरलेले असतात. लसूणघासाच्या गाठींतले जीवाणू मेथीला चालतात, पण बरसीमला चालत नाहीत. म्हणूनच जीवाणू खताचे पाकीट घेताना ते कोणत्या पिकासाठी आहे, हे पाहावे लागते. दुसरे असे की, नत्रखत भरमसाट घातले तर झाड गाठी कमी धरते. आयते मिळाल्यावर कष्ट कोण करील?

आता हे तुम्ही स्वतः पाहा. फुलावर आलेले मेथीचे किंवा भुईमुगाचे झाड, मुळे तुटू न देता, मातीसकट खणून काढा. मुळे पाण्यात हलवून माती सुटू द्या. गाठी मोजा आणि चार-पाच गाठी ब्लेडने जपून कापा. आतला रंग गुलाबी असेल तर कारखाना चालू आहे. तो रंग आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनच्या भावंडाचा, लेगहिमोग्लोबिनचा असतो. नायट्रोजिनेजला मोकळा ऑक्सिजन सोसत नाही. हे द्रव्य ऑक्सिजनला आवरून धरते आणि जीवाणूंना लागेल तेवढाच पुरवते. गाठ आतून हिरवट वा करडी दिसली, तर तिचे काम थांबले आहे असे समजा.

दोन निरनिराळ्या शेतांतली झाडे तपासून वहीत तक्ता करा. कोणत्या जमिनीत कारखाने जोरात आहेत आणि का, यावर वर्गात चर्चा करा.